सरूआक्काचा राखणीचा कोंबडा

सरूआक्काच्या कोंबड्यांचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत, ते साठत गेले. तिच्या घरापुढचं खळं आणि आमचं खळं, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. रविवारी सकाळी तिच्याकडे गावठी कोंबडी न्यायला गिऱ्हाईकं यायची आणि मला नेमकं तेव्हाच गडग्यावर गोधड्या वाळत घालायचं सुचायचं. आमचे हे म्हणायचे, "अगो, पाऊस पडतोय."

* * *

आक्काकडे नुसतं मागून कोंबडी मिळत नसे. रांधणार कोण, जेवायला कोण, सगळं विचारून घ्यायची. एकदा कोल्हापूरकडून बदलून आलेला बँकेतला क्लार्क आला.

"रांधणार कोण?"

"मीच. एकटाच राहतो."

आक्का आत गेली आणि एक अंडं घेऊन आली. "हे उकडून बघ. जमलं तर पुढच्या रविवारी ये."

आला बिचारा. आणि आक्काने त्याला रश्श्याच्या वाटपाचा मसालाही बांधून दिला.

* * *

पुढे बाजारात ब्रॉयलरचं दुकान निघालं. आमच्या ह्यांनी हौसेने एक आणली. रस्सा आक्काला पाठवला. वाटी परत करताना ती म्हणाली, "वैनी, वाटप झ्याक झालंय. कोंबडी घालायची ऱ्हायली काय?"

* * *

खरा डोळा सगळ्यांचा होता तो सुभेदारावर. सुभेदार म्हणजे आक्काचा तांबडा कोंबडा, तुरा एका बाजूला कललेला, चाल अशी की जणू सातबारा त्याच्याच नावावर. कुणी बोट दाखवलं की आक्का म्हणे, "तो राखणीचा हाय."

गावच्या राखणदार देवाला नवस बोललेला कोंबडा विकायचा नाही, त्यालाच बळी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. आक्काचा मुलगा वसंता मुंबईला नोकरीत टेंपररी होता. तो पर्मनंट झाला की सुभेदार द्यायचा, असं ती बोलली होती. पण दाणे टाकताना त्याच्याशी जे बोलायची, ते मी ऐकत होते. "तू माझ्या हातचं खा रे बाबा, बाकीच्यांकडं बघू नको."

* * *

गणपतीत वसंता पेढे घेऊनच आला. पर्मनंट झाला!

बाबू गुरव राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. सुभेदार आक्काच्या काखेत. तेवढ्यात ती गुरवाच्या कानाशी लागली, आणि गुरवाने घसा साफ करून सांगितलं, "बा म्हाराजा, पोराचं लगीन ऱ्हायलंय. दोन्ही कामांचं एकदमच दील. तवर नारळ मानून घे."

सुभेदार ज्या काखेतून गेला, त्याच काखेतून घरी आला.

* * *

मग पालीहून स्थळ आलं. मुलगी, सुमन, स्वतःच आईबापाबरोबर घर बघायला आली होती. चहा झाला, पसंती झाली. मुलीचा बाप म्हणाला, "मग काढूया मुहूर्त?"

आक्काने खळ्याकडे बघितलं. सुभेदार उकिरडा उकरत होता.

"मुलगा अजून लहान हाय हो," आक्का म्हणाली.

वसंताने मिशीवरून हात फिरवला आणि गडग्यापलीकडून मलाच डोळ्यांनी विनवलं. मी गोधडी टाकून मध्ये पडले, तेव्हा कुठे मुहूर्त निघाला. सुमन मात्र सगळा वेळ आक्काकडे आणि त्या कोंबड्याकडे आळीपाळीने बघत होती.

* * *

लग्नानंतर राखण द्यायला सगळी भावकी जमली. आता सबब उरली नव्हती. वडे तळायची तयारी झालेली, आक्काचे चुलत दीर सुरीला धार लावून बसलेले. सुभेदाराला आक्काने न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, आणि काखेत घेऊन उभी राहिली. तिचा हात काही सैल होईना.

बाबू गुरवाने गाऱ्हाण्याला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून हिरव्या चुड्याचा आवाज झाला. सुमन पदर सावरत पुढे आली आणि आम्हा सगळ्यांच्या देखत गुरवाला म्हणाली,

"काका, नातवाचं पण घाला त्यात. आणि म्हाराजाला सांगा, आमाला काय घाई न्हाय."