गावपळणीतला दिवा

मी न विचारता लिहिलं. शेजारच्या झोपडीत जाऊन एक प्रश्न विचारला असता तर हे काहीच घडलं नसतं.

आमच्या गावात काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. आत माणूस राहायचा नाही, चूल पेटायची नाही. तेव्हा मी गावच्या बातम्यांचा ब्लॉग चालवत होतो, अजूनही चालवतो. जिल्ह्याचे पेपर आमच्याकडे अपघात झाला तरच बघतात. बंद पडलेल्या नळाचं मी लिहिलं आणि पाणी आलं, तेव्हापासून लोक पेपरापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवू लागले. कुडाळचा एक बातमीदार सकाळी आधी माझं पान उघडायचा. याचा मला गर्व होता.

पळणीच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी वेशीवरून ड्रोन उडवला. ओसाड गावात एका पडवीत दिवा जळत होता. घर शेजारच्या झोपडीतल्या काकींचं. दुपारी मी त्यांच्याकडेच पेज जेवलो होतो, म्हणजे त्या बाहेर होत्या हे मला ठाऊक होतं. पण त्यांचा मुलगा मुंबईहून येऊन घरात राहिला असेल, असं मी मनाशी ठरवलं. व्हिडिओ टाकला आणि वर लिहिलं, 'गाव बाहेर, मग या घरात कोण?' नुसतं विचारलं आहे, आरोप केलेला नाही, अशी माझी समजूत.

कुडाळच्या बातमीदाराने ते उचललं आणि सकाळपर्यंत बातमी सगळीकडे होती. माझं प्रश्नचिन्ह गळून पडलं होतं. एका कुटुंबाने प्रथा मोडली, एवढंच उरलं होतं.

गावात परतल्यावर काकींनी मला पडवीत नेऊन दिवा दाखवला. मुलाने चतुर्थीला बसवलेला, उन्हावर चालणारा. काळोख पडला की आपोआप लागणारा. मी घरी येऊन व्हिडिओ काढून टाकला. चूक झाली असं कुठे लिहिलं नाही. लिहिलं तर उद्या माझी बातमी कोण खरी मानेल, ही भीती.

पण ज्यांनी उचललं होतं त्यांच्याकडे ते तसंच होतं. कोण काय लिहितंय ते मी जेवताना, बाजारात, शेतात फोन काढून बघायचो. कोणाची म्हैस मेली, कोणाच्या जाळ्याला मासळी लागली नाही, की बोट त्या घराकडे. काकी दिव्याचं सांगायच्या, पण लोक व्हिडिओवरच विश्वास ठेवायचे. देवळात एक बाई काकींना सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या घराक देवान सूट दिल्यान काय गो?" मी खांबाआड होतो. पुढे आलो नाही.

मग शिमगा जवळ आला आणि यंदा पालखी त्यांच्या दारात थांबवायची नाही, असं बोललं जाऊ लागलं. घरात त्या एकट्याच. पालखी दाराशी टेकते आणि त्या देवीची ओटी भरतात, तेवढाच गावाच्या कार्यात त्यांचा वाटा. तोही माझ्यामुळे जाणार होता.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या दारासमोरचं खळं सारवत होत्या. माझं चुकलं, असं कसंबसं म्हणालो. त्यांनी हात थांबवला नाही.

"माका सांगून काय उपयोग? गावाक सांगलंस, तर गावाकच सांग."

पालखीचं ठरवायला देवळात गाव जमला, त्या दिवशी मी उभा राहिलो. समोर फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं, म्हणजे ब्लॉग वाचणाऱ्यांनाही तेच ऐकू जावं. कोणीतरी मागून म्हणालं, "आज पत्रकार काय नवीन घेवन इलो?" लोक हसले. हसणं थांबेपर्यंत मी थांबलो.

म्हणालो, "त्या पडवीतला दिवा आपोआप लागणारा आहे. घरात कोणी नव्हतं. काकी तिन्ही दिवस वेशीबाहेर होत्या आणि मी त्यांच्या झोपडीत जेवलो होतो. तरी मी त्यांना विचारलं नाही. खरं कळल्यावर व्हिडिओ गुपचूप काढून टाकला आणि गप्प बसलो. प्रथा त्यांनी मोडली नाही. खोटी बातमी मी दिली." मग मी बायका बसल्या होत्या त्या बाजूला वळलो. "काकी, माझा चुकला. माका माफ कर."