आत्मा तयार असेल तर

महाडला परत आले तेव्हा माझ्या सामानात फाशांची एक पिशवी आणि नियमांची तीन जाड इंग्रजी पुस्तकं होती. पुण्यात नोकरीला असताना मी दर आठवड्याला हा खेळ खेळायचे. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार. आपलं पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतो आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे जात राहते. इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं, राहायला घर होतंच, पण रविवारची दुपार सरता सरत नव्हती. म्हणून मी माणसं शोधायला लागले.

पहिली मिळाली ती माझी शाळेतली मैत्रीण. ती पोलादपूर तालुक्यात, कापड्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि रोज महाडहून एसटीने ये-जा करते. घर महाडातल्याच बौद्धवाडीत. वडीलही शिक्षकच होते. दुसरा पोलादपूरच्या एका बँकेतला कारकून, आमच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. त्याचं गाव वर डोंगरावर. घरी म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी. तो शनिवारी वर जायचा आणि रविवारी दुपारी मोटरसायकलवरून थेट आमच्याकडे यायचा.

तिसरे काका. ते शेजारच्या घरात एकटे राहतात. दिवाणी कोर्टात बेंच क्लार्क होते, आता निवृत्त. आमच्याकडे जरा किमतीचं सामान सगळं वरच्या मजल्यावर असतं, नदीकाठच्या गावात असतं तसं, आणि आम्ही खेळायचोही वरच. आमची वादावादी खिडकीतून त्यांच्या ओटीवर ऐकू जायची. एका रविवारी ते जिना चढून आले आणि दावा कशाचा चाललाय म्हणून विचारलं. मी सांगितलं, मंत्राचा. त्यांनी मूळ शब्द काय आहेत ते विचारलं, पुस्तक मागून घेतलं, चष्मा लावला आणि बसले. पुढच्या रविवारी त्यांचंही एक पात्र होतं, देवळाचा पुजारी. जखमा भरून आणायच्या, शाप काढायचे, असले मंत्र पुजाऱ्याकडे असतात.

काका पहिल्यांदा वर आले त्या दिवशीचा दावा पाण्याचा होता. पाणी निर्माण करायचा एक साधा मंत्र आहे. कारकुनाला तो मैत्रिणीच्या जादूगारणीकडून एका दरोडेखोरावर टाकून हवा होता, आणि पाणी निघायला हवं होतं त्याच्या छातीत, म्हणजे माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरेल. पुस्तकात होतं, पाणी उघड्या भांड्यात निर्माण होतं. काकांचं म्हणणं, भांडं म्हणजे काही ठेवण्यासाठी केलेली वस्तू, माणूस त्यात बसत नाही. मैत्रीण म्हणाली, फुप्फुस पोकळ नसतंच, स्पंजासारखं असतं. कारकून एवढंच म्हणत राहिला की तोंड उघडं हाय ना त्याचं. मी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. मग त्याने पुढची ओळ वाचली. तोच मंत्र थोड्या जागेत पाऊसही पाडू शकतो. दरोडेखोर ज्या वाटेने उतरणार होते तिथे कातळ आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. शेवाळ आहे का? पावसाळा नुकताच संपलाय असं मीच आधी सांगून बसले होते, तेव्हा तेही हो म्हणावं लागलं. घोडे घसरले, दरोडेखोर पकडले गेले. काकांनी मान्य केलं की हे नियमात बसतं.

त्यांना त्या खेळातलं हेच आवडायचं. मंत्रात लिहिलंय तेवढंच मिळतं, पण लिहिलेलं नीट वाचलं तर बरंच मिळतं. एकदा हवेत तरंगणाऱ्या थाळीचा मंत्र निघाला. जादूगाराच्या मागोमाग जमिनीपासून गुडघाभर उंचीवर थाळी चालते, तिच्यावर सामान ठेवायचं. कारकुनाने विचारलं, आजारी बाई ठेवली तर? त्याची चुलती अशीच झोळीत घालून खाली आणली होती, दोन्हीकडे दोन-दोन माणसं, आणि वळणावर पुढच्याचा पाय सटकला की मागच्याच्या खांद्यावर सगळा भार. थाळीला मोठा कडा उतरता येत नाही असा नियम होता. त्यावर त्याने त्यांच्या डोंगरावरची वाट टेबलावर बोटाने काढून दाखवली, कुठे वळते, कुठे दगडात खोदलेल्या पायऱ्या, पायठणी आहेत. त्याच वाटेने आम्ही त्या खेळातल्या बाईला वैद्यापर्यंत नेलं. ती वाचली. चुलती वाचली होती का, हे मी विचारलं. तो म्हणाला, हाय की, अजून शेळ्यांमागं जाते.

असं वर्षभर चाललं. मग मैत्रिणीची जादूगारण मेली.

गोष्टीत एका घाटाखालचं गाव होतं आणि वरचा बांध फुटत आला होता. मी महाडची, पुराचं वर्णन करायला मला कल्पना लढवावी लागली नाही. जादूगारणीने पाणी अडवून धरायचा मंत्र टाकला. हा मंत्र चालू राहतो तो टाकणाऱ्याचं लक्ष एकाग्र असेपर्यंतच. मार बसला की फासा टाकायचा. कमी पडला तर मंत्र तुटतो. पाण्यातून ओंडके येत होते आणि दर ओंडक्याला ती फासा टाकत होती. मंत्र टिकला, पण अंगातला जीव कमी कमी होत गेला. गावातली माणसं टेकडी चढत होती. तिला निघायचं असतं तर निघता आलं असतं, हे मी दोनदा सांगितलं. शेवटी एक म्हातारी आणि तिची दोन वासरं खाली राहिली होती. मैत्रीण म्हणाली, थांबते. पुढच्या ओंडक्याला जादूगारण गेली. म्हातारी वर पोचली होती.

कारकून हळहळला. काका मात्र शांत होते. त्यांचा पुजारी एव्हाना पुरेशा वरच्या पायरीला पोचला होता आणि मेलेल्याला उठवायचा मंत्र त्याला येत होता. त्या मंत्राला हिरा लागतो. तो त्यांनी कुठल्याशा गुहेतून मिळवून कित्येक महिने जपून ठेवला होता, आम्ही सगळे मागत असताना. त्यांनी पुस्तक उघडलं आणि सवयीने ओळीचं मराठी करून मोठ्याने वाचलं: मृताचा आत्मा मोकळा असेल आणि परत यायला तयार असेल तर तो शरीरात परततो.

"कोणाचा आत्मा?" मैत्रिणीने विचारलं.

"तुझ्या जादूगारणीचा."

"तिला आत्मा नाही, काका."

ती चेष्टा करत नव्हती. तिची जादूगारण लहानपणापासून भिक्षूंच्या विहारात वाढलेली होती. पात्र तयार करतानाच तिने हे आम्हाला सांगितलं होतं, आणि वर्षभरात त्याचा कोणत्याही नियमाशी संबंध आला नव्हता. काकांनी मुद्दा समजून घेतला आणि उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, या पुस्तकातल्या जगात आत्मा आहे, असं पुस्तकच म्हणतं. पात्राचा त्यावर विश्वास आहे की नाही याला अर्थ नाही. कायदा न मानणाऱ्यालाही कायदा लागू होतोच. कारकुनालाही ते पटलं. मैत्रिणीने थोडा विचार केला आणि चक्क मान्य केलं. पुस्तकात आहे तर आहे. मग तिने विचारलं की तो आत्मा तयार आहे की नाही हे कोण ठरवणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोष्ट मी चालवत होते, पण पात्र माझं नव्हतं. मी म्हटलं, खेळाडूने ठरवायचं.

"मग नको," ती म्हणाली.

काकांनी कारण विचारलं. ती म्हणाली, जे करायचं होतं ते तिने केलं, ते पुरं झालं. काका म्हणाले की पुरं झालं म्हणून परत येऊ नये असं काही नाही, पुढे अजून कितीतरी करता येईल. हे थोडा वेळ चाललं. आवाज कोणाचाच चढला नाही. मग काकांनी चष्मा काढला.

"हातात इलाज असताना माणसाला जाऊ द्यायचं. याला काय म्हणतात?"

"तिला विचारलं, असं म्हणतात," मैत्रीण म्हणाली.

काका उठले. चहा अर्धा राहिला होता. गुडघ्यांमुळे ते जिना एकेक पायरी करत उतरतात.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. कारकून म्हणाला, खेळातलं खेळात राहू दे, येतील आपोआप. मला तसं वाटलं नाही. एका संध्याकाळी कारखान्यातली पाळी संपवून घरी येताना मी त्यांच्याकडे गेले. ते ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसले होते. बायको गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात. मीही समोर बसून सोलायला लागले. बराच वेळ त्यांनी वालाबद्दलच सांगितलं, यंदा कुठले चांगले आलेत, कुठले किडके निघाले.

मग त्यांनी बायकोचं सांगितलं. ती गेली हे मला माहीत होतं, कशी ते माहीत नव्हतं. तिचा आजार वाढला तेव्हा डॉक्टरांनी मुंबईला हलवायला सांगितलं होतं. गाडी ठरली होती, मुलाने तिथल्या रुग्णालयात जागाही मिळवली होती. ती नको म्हणाली. घरीच राहते म्हणाली. मुलगा फोनवरून ओरडत होता, काका ऐकत होते, आणि त्यांनी तिचं ऐकलं. पंधरवड्याने ती गेली. मुलगा गणपतीला येतो, पण हा विषय काढत नाही.

"शुद्धीवर होती. स्पष्ट बोलली. मी दोनदा विचारलं," काका म्हणाले. "कोर्टात हे टिकेल." त्यांनी एक वाल सोलला, डाळिंबी वाटीत टाकली. "घरात टिकत नाय."

काकांच्या तोंडी एरवी 'नाय' येत नाही, 'नाही' येतं, कोर्टात असल्यासारखं.

मी काही सुचवलं नाही. वाल संपल्यावर घरी आले आणि मैत्रिणीला फोन करून जेवढं ऐकलं तेवढं सांगितलं. ती ऐकून घेऊन बरं म्हणाली.

रविवारी सकाळी काका सवेला जातात, गरम पाण्याच्या कुंडावर, गुडघ्यांसाठी. रिक्षा ठरलेली असते. त्या रविवारी मैत्रीण स्कूटर घेऊन त्यांच्या दाराशी उभी राहिली आणि ते मागे बसून गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला तिच्याकडूनच आणि थोडंच कळलं. तिने माफी मागितली नाही, त्यांनीही नाही. पाण्यात पाय सोडून बसल्यावर त्यांनी तिला सरळ विचारलं की आत्मा नाही तर मग माणसाचं राहतं काय. ती म्हणाली, केलेलं राहतं, करणारा राहत नाही. त्यावर त्यांनी आमच्यात असं नाही मानत एवढंच म्हटलं. थोड्या वेळाने ते म्हणाले की तिने नको म्हटलं ते मात्र आपल्याला पूर्ण ऐकू आलं होतं. मैत्रिणीला वाटलं, ते जादूगारणीबद्दल बोलतायत. मग कळलं, बायकोबद्दल. ती म्हणाली, ऐकलंत ना, बास. नंतर त्यांनी हे पाणी गंधकाने तापतं का ते विचारलं. तिने सांगितलं की तापतं ते जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने, गंधकाचा फक्त वास. येताना त्यांनी तिला मिसळ खायला घातली.

त्याच दुपारी ते जिना चढून वर आले. खेळ जिथे थांबला होता तिथूनच सुरू केला. पुजाऱ्याने जादूगारणीच्या अंत्यविधीचं काय करायचं ते मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, गावाला जमेल ते. सगळं गाव टेकडीवर येऊन उभं राहिलं. मैत्रिणीने नवं पात्र आणलं, एक चोर बाई, कुलपं उघडणारी. पुजाऱ्याचा तिच्यावर पहिल्यापासून संशय.

मग काकांनी एक सूचना मांडली. उठवायच्या मंत्राचा प्रश्न पुन्हा येणार, तेव्हा प्रत्येकाने आत्ताच सांगून ठेवावं, पात्र मेलं तर परत आणायचं की नाही. वेळेवर घोळ नको.

"माझा कितीबी वेळा मेला तरी उठवा," कारकून म्हणाला. त्याच्या योद्ध्याच्या घरी म्हशी होत्या, हे त्याने तेव्हाच ठरवलं. त्यांची धार काढायला दुसरं कोणी नव्हतं.

मैत्रीण म्हणाली, चोर बाईला एकदा उठवा, दुसऱ्यांदा तिलाच विचारा. मग तिने काकांना त्यांचं काय ते विचारलं.

काका म्हणाले की त्यांच्या बाबतीत प्रश्नच येत नाही. तो मंत्र येतो एकट्या पुजाऱ्याला. पुजारीच मेला तर उठवणार कोण?

कारकून म्हणाला, मंत्र लिहिलेली गुंडाळी बाजारात मिळत असेल की. काकांनी विचारलं, मिळेल, पण योद्ध्याला ती वाचता येईल का, तसं कुठे लिहिलंय. कारकुनाने पुस्तक ओढून घेतलं आणि पानं उलटायला लागला. मी चहा टाकायला खाली गेले.