आतलं पाहणारे अण्णा

अण्णा आधी वाजवून बघत. नारळ, कलिंगड, माठ यांचं सोडाच. तुमच्या घरातलं टेबल, दाराची चौकट, नवी पेटी, जे हाताशी येईल त्यावर ते मधल्या बोटाच्या पेराने टकटक करत आणि मान तिरकी करून ऐकत. मग म्हणत, "वरनं झकास हाय. आत काय हाय ते सांगा." तुम्हीआम्हीही वस्तू वाजवून घेतो, पण आपण वाजवतोय हे आपल्याला ठाऊक असतं. अण्णांना ते ठाऊक नसे.

बंगळुरात एका सरकारी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी होतो. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. माझे यजमान नकाशे काढण्याच्या खात्यात, अण्णा तपासणी खात्यात. आम्ही सांगलीकडचे, ते बेळगावचे. त्यांच्या घरात मराठी चाले, बाजारात कन्नड, आणि भांडण झालं की दोन्ही. वयाने आमच्याहून बरेच मोठे, म्हणून सगळी वसाहत त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला अक्का म्हणे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

मल्लेश्वरमच्या बाजारात नारळवाला त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा. अण्णा बसत, एकेक नारळ कानाशी नेत, हलवत, वाजवत, आणि ढिगाचे दोन ढीग करत. गिऱ्हाइकं जमत. त्यांनी बाजूला टाकलेले नारळ मग कुणी घेईना. शेवटी नारळवाल्याने अक्कांना सांगून ठेवलं, की तुम्ही एकट्या येत जा, मीच चांगले निवडून देईन.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला ते म्हैसूरला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, तिने आपलं नाव सांगितलं. अण्णा मात्र पाठीमागची भिंत वाजवत बसलेले. निघताना मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, पसंत?" अण्णा म्हणाले, "पोकळ हाय." ते भिंतीबद्दल बोलत होते हे पटवून देता देता अक्कांना घाम फुटला. लग्न झालं ते अक्कांच्या पुण्याईने.

कारखान्यात त्यांचं कामही हेच होतं. भट्टीतून ओतून आलेले लोखंडाचे भाग वरून गुळगुळीत दिसतात, पण आत चीर असली तर यंत्र चालता चालता मोडतं. ती चीर शोधायला एक विलायती यंत्र आलं होतं. मोठ्या रेडिओएवढी पेटी, पुढे गोल काच, आणि वायरीच्या टोकाला सुपारीच्या डबीएवढी एक डबी. लोखंडाला तेल चोपडून डबी फिरवली की काचेवर हिरवी रेघ धावायची. आत चीर असली की रेघेच्या मधेच जास्तीचं टोक उभं राहायचं. मग अण्णा लाल खडूने फुली मारत. माणसं आपल्या हातचं काम घेऊन त्यांच्यापुढे उभी राहत ती परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तशी. त्यांचं मागच्या मागे पडलेलं नाव होतं 'नापास अण्णा'.

मला तेव्हा सहावा महिना होता. ही माझी दुसरी खेप. पहिली मुलगी जन्मली आणि तासाभरात गेली. पोटातच तिची वाढ नीट झाली नव्हती, असं सांगितलं होतं. या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला टेपने पोट मोजत, लाकडी नळी लावून ऐकत, आणि म्हणत, "ठोके चांगले आहेत. पोट महिन्यांच्या मानाने लहान वाटतंय. बघू या." त्या 'बघू या'ने माझी झोप उडाली होती. बघणार कोण आणि कसं? पोटाला काही खिडकी नव्हती. लोक म्हणत, चांगलं मनात आण. मी चांगलं मनात आणत होते आणि रात्रभर छताकडे बघत होते.

एका रविवारी अण्णा आमच्याकडे कॉफीला आले. कारखान्याच्या वाचनालयात म्हणे एक मासिक आलं होतं. "विलायतेत एका डॉक्टरनं आमच्यासारखंच यंत्र बायकांच्या पोटाला लावून बघितलंय म्हणे. आतलं कळतंय म्हणे त्याला," ते माझ्या यजमानांना सांगत होते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. ट्रे हातातच राहिला.

"अण्णा, माझं बघाल?"

ते गडबडले. "वहिनी, ते डॉक्टर. मी लोखंडाचा माणूस."

"यंत्र तेच ना?"

"यंत्र तेच. पण..."

त्या दिवसापासून मी त्यांचा पिच्छा पुरवला. कुंपणापाशी, नळावर, अक्का मला तिळाची चटणी द्यायला आल्या की त्यांच्याकडे. यजमान म्हणाले, वेड लागलंय तुला. लागलंच होतं. यंत्र कारखान्याबाहेर नेता येत नव्हतं, आणि बाईमाणसाला कारखान्यात शिरता येत नव्हतं. अण्णांनी हीच सबब पुढे केली आणि सुटलो असं समजले. पण ते एक विसरले होते: आयुधपूजा जवळ आली होती.

बंगळुरात राहिलेल्यांना हे सांगायला नको. नवरात्रातल्या त्या दिवशी कारखान्याची दारं घरच्यांसाठी उघडतात. झाडून सगळी यंत्रं पुसून लख्ख करतात, त्यांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं. दारात कोहळा फोडतात. बायका-पोरं नवी कापडं घालून वडिलांचं यंत्र बघायला येतात आणि चुरमुरे-बुंदी खात हिंडतात. त्या दिवशी यंत्राला मात्र कुणी हात लावत नाही. त्याची सुट्टी.

मी हिरवी साडी नेसून गेले. अक्का बरोबर, हातात पिशवी. पूजा झाली, सगळे प्रसादाला अंगणात पांगले, आणि आम्ही तिघं तपासणीच्या खोलीत शिरलो. यजमान प्रसादाचा द्रोण घेऊन दारात उभे राहिले. कुणी आत डोकावलं की म्हणत, "आत साफसफाई चाललीय," आणि बुंदी पुढे करत. मला वेडी म्हणणारा माणूस खोटं बोलायला मात्र किती तयार निघाला.

यंत्राला माळ होती. अण्णांनी ती काढून बाजूला ठेवली, हात जोडले आणि पुटपुटले, "आज तुझी सुट्टी. पण काम घरचं हाय, चालवून घे." बटण दाबलं. पेटी गरम व्हायला वेळ लागला. लोखंडाला लावायचं तेल काळंकुट्ट असे, म्हणून अक्कांनी पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली. मी बाकावर आडवी झाले.

आता आली का पंचाईत. अण्णांनी माझ्याकडे पाठ केली आणि तोंड काचेकडे. डबी अक्कांच्या हातात. पाठमोरेच ते सांगत, "डावीकडं. थोडं खाली. दाबू नकोस गं, चपाती लाटतेस काय?"

"सुम्म बसा की," अक्का म्हणाल्या, म्हणजे गप्प बसा. "मला काय रोजची सवय हाय?"

मी हसले तशी डबी घसरली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मग अक्कांचा हात एका जागी थांबला आणि अण्णा बोलायचे थांबले. मी मान वळवून बघितलं. काचेवरची हिरवी रेघ दिसत होती, तिच्यावरची टोकं दिसत होती. एक टोक बारीक बारीक थरथरत होतं. मग ते सरकलं. पोटात लाथ बसली ती मला त्याच वेळी कळली.

"लोखंड असं करत नाही," अण्णा अगदी हळू म्हणाले. "जागचं हालतंय बघ की गं."

बाळ हालतं हे मला का ठाऊक नव्हतं? पण आजवर ते मला एकटीलाच कळत होतं. आता दुसऱ्या कुणाला तरी ते दिसलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

"अण्णा, वाढ नीट आहे ना? सगळं जागच्या जागी आहे ना?"

ते वळले नाहीत. सबंध कारखाना ज्यांच्या एका शब्दाला घाबरायचा, त्यांची पाठ मी बघत होते. पाठमोरेच ते म्हणाले, "लोखंडाचं मला कळतंय, वहिनी. ह्यातलं काही कळत नाही. खोटं कसं सांगू?"

त्यांनी बटण बंद केलं आणि माळ पुन्हा यंत्राला घातली. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. एक 'चांगलं आहे' म्हणायला काय जात होतं? घरी जाताना मी त्यांच्याशी बोलले नाही.

संक्रांतीच्या सुमारास मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज खणखणीत. डावं पाऊल आत वळलेलं होतं, तळवा दुसऱ्या पायाकडे बघणारा. बाकी सगळं नीट होतं. बघायला येणाऱ्या बायका दुपट्याचं टोक उचलून बघत आणि पुन्हा झाकत. अण्णा आले तेव्हा त्यांनी टोक उचललं ते उघडंच ठेवलं.

मी विचारलं, "तुमच्या यंत्रात हे दिसलं असतं का, अण्णा?"

"नसतं दिसलं. आणि दिसलं असतं तर बी मी सांगितलं नसतं."

"का?"

"सांगून काय करणार होतो? लोखंड परत भट्टीत टाकता येतंय." मग ते पाऊल त्यांनी तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. माझा सगळा राग तिथे संपला.

इस्पितळात काही महिने प्लास्टर घातलं, आणि नंतर रात्रीसाठी दोन बूट दिले, मधे पट्टी ठोकलेले. ते इतके जड होते की पोर रडून घर डोक्यावर घेई. अण्णांनी डॉक्टरांना भेटून मापं समजून घेतली आणि स्वतःच्या हातांनी ॲल्युमिनियमची पट्टी घडवली. तिच्या कडा घासून घासून ते आपल्या गालावर फिरवून बघत. जरा टोचलं की पुन्हा घासत. पोर वाढली की नवी पट्टी. दर रविवारी सकाळी ती त्यांच्या पायरीवर जाऊन बसे, बूट काढून पाय पुढे करे. अण्णा खालच्या पायरीवर उकिडवे बसून टाचेपासून अंगठ्यापर्यंत बघत. "कसा हाय?" ती त्यांच्याच बोलीत विचारी. "मागल्या रविवारपरीस सरळ हाय," ते म्हणत. चार वर्षांची होईतो ती धावायला लागली, जराशी लचकत. ती लचक आजही आहे.

अण्णा निवृत्त होऊन बेळगावला गेले आणि त्याच वर्षी गेले. अक्कांच्या भावाने कळवलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मी मुलीला जवळ बसवून सांगितलं की अण्णा आता येणार नाहीत. तिने नीट ऐकून घेतलं आणि खेळायला गेली. मला वाटलं, पोरांचं बरं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी ती घरात दिसेना. मी बाहेर आले. अण्णांच्या क्वार्टरमध्ये तोवर नवं बिऱ्हाड आलं होतं. त्यांच्या पायरीवर ती बसली होती, बूट शेजारी काढून ठेवलेला, डावा पाय पुढे केलेला. घरातून एक बाई हात पुसत बाहेर आली आणि मायेने तिला विचारू लागली, "यारु बेकम्मा? कोण हवंय गं तुला?" पोरगी पाय तसाच पुढे करून बसून राहिली.