समोर येऊन सांगा

कुसुम गेली तेव्हा घरात मी, माझी धाकटी बहीण आणि शेजारच्या मंगूबेन अशी तिघंच होतो. तापाचं निमित्त झालं. आज महिना होतोय. कुसुम माझी बायको. तलासरीजवळच्या एका पाड्यावर तिने नऊ वर्षं बालवाडी चालवली. मी लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिणारा माणूस. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

सुरुवातीला बारा मुलं होती. घरी वारली बोलायची. मराठी कानावर पडायची ती बाजारच्या दिवशी. पहिले दोन महिने कुसुम त्यांना एकही मराठी शब्द म्हणायला लावत नसे. मी विचारलं, "अगं, मग शिकवतेस काय?"

"ऐकायला. तुम्हाला कुणी शिकवलं नाही, म्हणून विचारताय."

कोपऱ्यात जुनं लुगडं आडवं बांधून ती त्यामागे बसायची. कधी सुपात नाचणी पाखडायची, कधी तांब्यातलं पाणी ओतायची, कधी काड्यापेटी खुळखुळवायची. मुलं डोळे मिटून ऐकत आणि काय चाललंय ते आपल्या बोलीत ओरडून सांगत. मग लुगड्यामागून हळू आवाजात मराठी वाक्य येई, "मी नाचणी पाखडते." एकदाच. गलका वाढला की तिचा आवाज आणखी खाली जाई, आणि मुलं ऐकण्यासाठी आपोआप गप्प होत. होता होता मुलं मराठीतून उत्तरं देऊ लागली.

सातव्या वर्षी तिला कमी ऐकू येऊ लागलं. डहाणूच्या डॉक्टरांनी औषध दिलं, आशा दिली नाही. "कळलं तर बालवाडी काढून घेतील," ती म्हणाली. "मग घरी बसून काय ऐकू... तुमचे हिशेब?" मी कुणाला बोललो नाही.

त्याच हिवाळ्यात पर्यवेक्षिका तपासणीला आल्या. मी रजा काढून गेलो आणि दाराशी बसलो. लुगड्यामागे पाणी ओतल्याचा आवाज झाला. एकही मूल बोललं नाही. मग पाच वर्षांची लाडकी उठली, लुगड्याला वळसा घालून आत गेली, कुसुमच्या तोंडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी ओततेस." तिच्यामागून एकेक करत सगळी गेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाईंना समोरूनच कळतं, हे त्यांचं त्यांनीच ओळखलं होतं.

पर्यवेक्षिका खूश झाल्या. "समोर येऊन उत्तर द्यायचं, ही पद्धत छान आहे हो. कुठं शिकलात?"

कुसुम त्यांच्या ओठांकडे बघत होती. "इथंच," ती म्हणाली.

बालवाडी आणखी दोन वर्षं, शेवटपर्यंत, तिच्याकडेच राहिली.

तपासणीच्या दिवशी घरी परतताना मी मागून काही बोललो. ती वळली नाही. मी पुढे जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि मग बोललो. ती हसली. "लाडकीपेक्षा तुम्हाला उशिरा कळलं."

आता सकाळचा चहा मीच करतो. झाला की स्वयंपाकघरातून हाक मारत नाही. पुढच्या खोलीत जातो, खिडकीशी असलेल्या तिच्या खुर्चीसमोर उभा राहतो... आणि हळू आवाजात, एकदाच सांगतो, "चहा झालाय."