शेजारी वाढवा, सुखी व्हा!

तैपेईतल्या आमच्या क्लासच्या इमारतीवर लियाव सरांचा फोटो दुसऱ्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत होता. मी तिथलाच फिजिक्सवाला. माझा फोटो जिन्यात, झाडूच्या वर.

सर गळ्यात माइक अडकवून पोरांकडून सेंद्रिय रसायन घोकून घ्यायचे. धन भाराचा कार्बन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला, घटकाभराचा पाहुणा. शेजारी कार्बन जितके जास्त तितका तो टिकतो, कारण ते आपल्यातले थोडे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे सरकवतात. इतपत खरं. सरांनी त्याची घोषणा केली, ‘शेजारी वाढवा, सुखी व्हा!’ आणि मेडिकलला बसणारी घोडी टाळ्या वाजवत ती ओरडू लागली.

सरांची लेक पेईशान पहिल्या बाकावर असायची, मेडिकलला दोनदा आपटलेली. यंदा तिचं नाव लाल कापडावर रंगवून दारावर टांगायचंच, हा सरांचा ध्यास. गल्ली कुजबुजत होतीच, “स्वतःची पोरगी लागेना, आपली काय लावणार?”

एकदा तिने हात वर केला. “पप्पा, कार्बन ऋण भाराचा असला तर?”

“वर्गात सर म्हणायचं.”

“सर, ऋण असला तर?”

“नियम तो नियम. चला, टाळ्या!”

“अहो, त्याच्याकडे आधीच जास्तीचे इलेक्ट्रॉन आहेत! तडस लागलेल्याच्या पानात आणखी वाढलं तर तो टिकेल का?”

वर्ग खदखदून हसला. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण उलटा नियम टाळीत बसत नव्हता ना! ते लालबुंद झाले. “दोनदा आपटलीस, आणि मला शिकवतेस?”

माइकवरून बोलले हो, बापमाणूस! दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा. सर सांगायचे, घरी अभ्यास करते.

निकालाच्या सकाळी आम्ही शटर उघडलं. समोरच्या क्लासवर लाल कापड फडफडत होतं, सोनेरी अक्षरांत पेईशानचं नाव, ‘आमची विद्यार्थिनी’.

“अभिनंदन सर! लागली की पोरगी!” मी म्हणालो. जीभच मेली तशी माझी.

“जा, ते उतरवायला सांग तिला,” सर पुटपुटले.

मी रस्ता ओलांडला. ती दारातच उभी होती. परत आलो तर पोरं वर्गात भरली होती आणि सर खिडकीशी.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, कापड राहू दे. आणि आता मी त्यांच्या वर्गात नाही, तेव्हा पप्पाच म्हणेन.”

सरांच्या गळ्यातला माइक चालू होता. हुंदका पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.