दोन्हीकडून प्रवेश बंद

गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी मास्तरांनी शिकवली होती. उरलेले निम्मे दुसरीकडे शिकले, ते मास्तरांच्या तोंडाला कंटाळून. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, तिच्यावरची शिकाऊ पाटी आणि शेजारच्या सीटवर अखंड बोलणारे मास्तर. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्यापाशी ते गाडी थांबवायला लावत आणि शिकणाऱ्याला विचारत, "कोणी बघत नाहीये. मग आपण का थांबलो?"

"तुम्ही थांबवलं म्हणून," शिकणारा म्हणे.

हे उत्तर मास्तरांना कधीच पटलं नाही. मग खरं उत्तर ते स्वतः सांगत आणि तेवढ्यात दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल होई.

घरातही तोच कारभार. बायकोला त्यांनीच शिकवलं होतं, तिच्याकडे परवानाही होता. पण परवाना मिळणं वेगळं आणि गाडी येणं वेगळं, असं म्हणून त्यांनी तिच्या हातात किल्ली काही दिली नाही. ती बिचारी, म्हणजे मास्तरांना बिचारी वाटणारी, ऐकून घेई आणि बसने जाई.

मग शहराची प्रगती सुरू झाली. मोठ्या रस्त्यावर उड्डाणपूल बांधायला घेतला. रस्त्याच्या मधोमध उंच पत्रे ठोकले आणि त्यांवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र रंगवून खाली लिहिलं, 'उद्याच्या सोयीसाठी आज थोडं सहन करा.' उद्या म्हणजे कधी, ते लिहायचं राहून गेलं होतं. बसथांबा दर आठवड्याला नव्या जागी जाई. तो कुठे गेला हे ड्रायव्हरच्या आधी भाजीवालीला कळे. ती टोपली घेऊन जिथे बसली असेल तिथे जाऊन लोक उभे राहत, आणि बस बहुतेक वेळा तिथेच येई.

एका सकाळी कामगारांची एक टोळी आली आणि मास्तरांच्या गल्लीच्या एका तोंडाला 'प्रवेश बंद'ची पाटी ठोकून गेली. त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्याची दुसरी टोळी आली. तिने दुसऱ्या तोंडाला तशीच पाटी ठोकली. गल्लीला तोंडं दोनच.

लोकांनी पाट्यांकडे पाहिलं, 'बरं' म्हटलं आणि ते पूर्वीसारखे दोन्हीकडून आत-बाहेर करू लागले. पंचाईत झाली ती एकट्या मास्तरांची. ते गाडी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी उभी करायचे आणि घरी चालत यायचे. फुटपाथ केबलसाठी खणलेला असल्यामुळे मातीच्या ढिगाऱ्यावरून चढउतार करत यायचे. शेजारचा शिंपी दारातून ओरडे, "अहो मास्तर, आणा की आत! कोण विचारतंय?"

"कोणी विचारत नाही तेव्हाच तर कळतं, माणूस कसा आहे ते," मास्तर ढिगाऱ्यावरून उत्तर देत, आणि पाय घसरला तर तो मुद्दामच तसा ठेवला होता असा चेहरा करत.

शेवटी ते वाहतूक कार्यालयात गेले. साहेब तरुण होते, उत्साही होते. त्यांच्या भिंतीवर शहराचा नकाशा झळकत होता. सगळे रस्ते लालभडक, आणि मधेच एक हिरवीगार रेघ.

"ही तुमची गल्ली!" साहेब आनंदाने म्हणाले. "अख्ख्या योजनेतली सर्वांत यशस्वी. कोंडी शून्य."

"साहेब, तिथे गाडी न्यायला परवानगीच नाहीये. दोन्हीकडून."

"बघा! म्हणजे योजना काम करतेय."

"मग मी घरी जायचं कसं?"

"बसने जावं माणसाने. शहरासाठी एवढं तरी करा." साहेबांनी कारकुनाला विचारलं, "यांचा थांबा कुठे आहे हो?" कारकुनाने शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "भाजीवाली सध्या बेकरीसमोर बसते."

मास्तर अर्ज देऊन परतले. अर्जाचं काय झालं ते कधी कळलं नाही. कळलं ते एवढंच, की गल्लीला 'आदर्श गल्ली' ठरवलं गेलं आहे आणि तिची पाहणी करायला मोठे पाहुणे येणार आहेत.

पाहणीच्या दिवशी सकाळीच मास्तरांच्या मुलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती बाळंतपणासाठी त्यांच्याकडे आली होती. बायको म्हणाली, "अहो, गाडी दाराशी आणा."

"कोपऱ्यावर तर आहे. जाऊ हळूहळू चालत. डॉक्टरच म्हणाले होते, चालणं चांगलं."

"बाबा!" मुलगी भिंतीला धरून ओरडली. "त्या ढिगाऱ्यावरून?"

मास्तरांनी तोंड उघडलं. ते काही बोलण्याआधीच बायकोने खुंटीवरच्या त्यांच्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढली होती. "तुम्ही तिचा हात धरा आणि गप्प उभे राहा," ती म्हणाली आणि जिना उतरली.

ती गेली ती गाडी घेऊनच आली. 'प्रवेश बंद'च्या पाटीखालून, शिकाऊ पाटी मिरवत, सफाईने. शिंपी टाळ्या वाजवत होता. मुलीला मागच्या सीटवर निजवलं, मास्तरांना पुढे बसवलं आणि गाडी निघाली. गल्ली इतकी अरुंद की वळवायची सोय नाही, तेव्हा सरळ पुढेच. अर्ध्यावर गेल्यावर समोरून पाहणी आली. चार-पाच चकचकीत गाड्या, एकामागे एक, आणि पहिलीत आपले साहेब.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. साहेबांच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बायकोने त्याच्यापेक्षा लांब वाजवला. साहेब खाली उतरले. "ताई, गाडी मागे घ्या. पाहणी चालू आहे."

"माझ्या मुलीचं बाळंतपण चालू आहे," ती म्हणाली. "मी मागे जायची नाही."

साहेबांनी मास्तरांना ओळखलं. "तुम्ही तरी सांगा यांना. तुम्ही तर नियम पाळणारे ना? इथे प्रवेश बंद आहे!"

मास्तर दार उघडून उतरले. बायकोला वाटलं, आता हे खरंच सांगतात. पण मास्तर साहेबांना ओलांडून थेट शेवटच्या गाडीपर्यंत गेले आणि ज्या आवाजाला कंटाळून निम्मी गल्ली दुसरीकडे गाडी शिकली होती, त्या आवाजात ओरडले, "मागे घ्या! आरशात बघा! मान कशाला वळवताय, आरसा शोभेला आहे का? तुम्ही, दुसऱ्या गाडीवाले! हातपाय गळाले का? सरळ! सरळ!"

मोठमोठ्या पाहुण्यांचे ड्रायव्हर त्या आवाजापुढे शिकाऊ झाले. एकाने कुंडी फोडली, एक मातीच्या ढिगाऱ्यावर चढला, पण गाड्या एकेक करत आल्या वाटेने बाहेर निघाल्या. आदर्श गल्लीतली ती पहिली कोंडी.

दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात नात झाली. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून होते. बायको शेजारी येऊन बसली, तेव्हा ते म्हणाले, "वळणावर इंडिकेटर दिला नाहीस तू."

ती हसू लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि मास्तरांना काय करावं ते कळेना. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढची कितीतरी मिनिटं चक्क काही बोलले नाहीत.

बाळाला घरी आणताना गाडी मास्तरांनी चालवली. पाटीपाशी येऊन त्यांनी ब्रेक लावला. मागे लेक, लेकीच्या कुशीत बाळ, शेजारी बायको. मास्तरांनी इंडिकेटर लावला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आरशात पाहिलं आणि गाडी आत घातली. त्यांचे कान लाल झाले होते. दारातल्या शिंप्याने तेवढा शहाणपणा दाखवला आणि उगाचच दोरा ओवायला मान खाली घातली.

पंधरवड्यात नोटीस आली. कोपऱ्यावर नव्याने बसवलेल्या कॅमेऱ्यात गाडी स्वच्छ टिपली गेली होती, लुकलुकणाऱ्या इंडिकेटरसकट. मास्तर कार्यालयात गेले. साहेबांना दरम्यान बढती मिळाली होती आणि खोलीही मोठी मिळाली होती.

"गुन्हा कबूल आहे," मास्तर म्हणाले. "शिक्षा द्या. फक्त त्या दिवशीच्या तुमच्या गाड्याही लिहून घ्या."

"कुठल्या गाड्या?"

"पाहणीच्या. प्रवेश बंद असताना आत आलेल्या."

साहेबांनी फार समजुतीने त्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर, त्या गाड्या नव्हत्या. ती पाहणी होती."

मास्तरांचं स्कूल महिनाभर बंद ठेवायचा आदेश निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर काही लागलं होतं. दोन दिवस ते जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन बसले आणि तिलाच सगळं प्रकरण पहिल्यापासून सांगू लागले. ती झोपली. त्यांचं बोलणं ऐकून झोपलेली ती काही पहिली नव्हती.

गल्लीच्या यशावरून शहरातल्या आणखी बऱ्याच गल्ल्यांना दोन्हीकडून पाट्या लागल्या. नकाशावर आता हिरव्या रेघाच रेघा दिसतात. पूल अजून अर्धाच आहे. तो हवेत येऊन संपतो आणि त्याच्या सावलीत दुपारचे रिक्षावाले झोपतात.

लेक सासरी निघाली त्या दिवशी गाडी बायकोने काढली. मास्तर मागे नातीशेजारी बसले. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी बायकोला गिअर, आरसा आणि मागचा ट्रक यांवर इतकं काही ऐकवलं की बेकरीपाशी तिने गाडी बाजूला घेतली.

"उतरा," ती म्हणाली.

"अगं, पण—"

"बाळ उठेल. उतरा. मी पोरीला सोडून येते."

मास्तर उतरले. गाडी नीट इंडिकेटर देऊन रहदारीत शिरली. भाजीवालीने टोपली सरकवून त्यांना फुटपाथवर जागा करून दिली. "बस येईलच," ती म्हणाली. "बसा, मास्तर."