मैनेवर कोण बसणार

रंजनाला शहाणपण शिकवायला जाऊ नये, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या उपकेंद्रात नर्स, ती वरच्या ठाकरवाडीतली. वाडीचा रस्ता मंजूर होऊन सात वर्षं झाली. तसा फलकही खाली लागलाय. फलकाच्या पुढे मात्र पायवाटच आहे, आणि तीसुद्धा बकऱ्यांच्या सोयीची. आजारी माणूस खाली आणायचं तर बांबूला चादर बांधायची आणि चार गड्यांनी खांदा द्यायचा. गडी सकाळीच आंबीच्या कंपन्यांत कामाला गेलेले असतात. म्हणजे आजारी पडायचं ते रविवारी.

मग गेल्या उन्हाळ्यात वाडीत घोडी आली. मैना तिचं नाव. परंदवडीच्या कोंडाजी आबांची, बैलगाडा शर्यतीतली. आमच्याकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्याच्या पुढे घोडी पळते आणि तिच्या मागे बैल जीव खाऊन धावतात. चांगली घोडी ज्याच्या दारात, त्याला जत्रेत मान. मैनेचा पुढचा पाय एका शर्यतीत मुरगळला. डॉक्टर म्हणाले, हिला काही महिने पळवू नका, पण चालती ठेवा. रंजनाने लोणावळ्याला दहा वर्षं पर्यटकांना घोड्यावरून फिरवलेलं. घोड्यातलं तिला कळतं, म्हणून आबांनी मैना तिच्याकडे सांभाळायला दिली. अट एकच होती. तू बस हवं तर, पण दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. दहा हात लगामाला लागले की घोडीचं तोंड बिघडतं, मग ती कुणाचं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. रंजना हो म्हणाली, आणि म्हणाली तेव्हा मनापासून म्हणाली.

श्रावणात वाडीतल्या म्हाताऱ्या सावित्राबाईंच्या पायात खिळा गेला. साखरेचं दुखणं जुनं, जखम भरेना. एक दिवसाआड पट्टी बदलायला या, असं मी बजावलं होतं. सहा दिवस त्या आल्याच नाहीत. येणार कशा? वर वाडीत घोडी चरत होती आणि सावित्राबाई दारात बसून पायावरच्या माश्या हाकलत होत्या. रंजनाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि म्हातारीच्या काखेत हात घालून तिला मैनेवर बसवलं.

त्यानंतर काही विचारू नका. तापाने फणफणलेली पोरं बसली, गुडघे धरलेल्या बाया बसल्या. मलाही एकदा लसीच्या डब्यासकट वर चढवलं. मला घोड्याची भीती वाटते, हे सांगायची सोयच ठेवली नाही बाईने. लगाम मात्र ती कुणाच्या हातात देत नसे. स्वतः धरून पुढे चालायची, लोणावळ्यासारखी.

एवढं करून गप्प बसावं ना? छे. दर आठवड्याला ती आबांना फोन करायची आणि कोण कोण बसलं त्याची नावं सांगायची. पलीकडून आबा शिव्या घालायचे, उद्या येऊन घोडी नेतो म्हणायचे. मी तिच्यावर चिडले. कशाला सांगतेस, कळेल तेव्हा कळेल, असं म्हणाले. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच लाज वाटली.

“चोरून करायला मी काय कुनाची कोंबडी उचलली का?” ती म्हणाली.

दिवाळी झाली, मैनेचा पाय बरा झाला, शर्यतींचे दिवस जवळ आले आणि आबा खरंच आले. पट्टीचा दिवस त्यांना तिच्याच फोनवरून ठाऊक झालेला. उपकेंद्रापासून शंभर पावलांवर मारुतीचा पार आहे, तिथे सावलीत बसून राहिले. सावित्राबाईंना घेऊन येणारी मैना वळणावर दिसली तसे उठून आडवे आले. मी व्हरांड्यातून पाहत होते. घोडीचं तोंड बिघडायचं सोड, जत्रेत लोक मला हसतात, असं ते मोठ्याने म्हणाले. वाडीतल्या म्हाताऱ्या बसवायला ही घोडी आहे का, असं विचारलं. पारावर सात-आठ जण होते. सावित्राबाई घाबरून खाली घसरू लागल्या. रंजनाने त्यांचा गुडघा घट्ट धरला.

“मावशी, बसून ऱ्हा,” ती म्हणाली. मग आबांकडे वळली. “घोडी तुमची हाय. आत्ता न्या. पर हिला तुमच्या हातानं खाली उतरवा आन मंग न्या. मी न्हाई उतरवनार.”

आबांनी हात पुढे केला. समोरच सावित्राबाईंचा पाय होता, पट्टी ओली होऊन पिवळी पडलेली. हात तसाच राहिला. मग त्यांनी लगाम घेतला आणि आपल्याच घोडीपुढे चालत, खाली मान घालून, म्हातारीला माझ्या पायरीपर्यंत आणलं.

मी पट्टी सोडली तेव्हा ते दारात उभे होते. जखम त्यांनी पाहिली. मग म्हणाले, शर्यतीचे दिवस सोडून मैना इथेच राहू दे, पण या म्हातारीपुरती. दुसरं कुणी बसायचं नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी तर त्यांच्या पायाच पडले असते.

“न्हाई आबा,” रंजना म्हणाली. “ह्यो बगा.”

दारातल्या बाकावर वाडीतले शिदूबाबा बसले होते. दमेकरी माणूस. पहाटेच उतरून औषधाला आलेले, आणि आता चढण चढायची म्हणून छाती धरून होते.

“ह्याला काय सांगू? घोडी जाती वर, पर बसनाऱ्यांत तुजं नाव न्हाई?”

आबा चिडले. मग नेतोच घोडी, म्हणाले. रंजना एवढंच म्हणाली, “न्या.” मला तिचा भयंकर राग आला. मिळत होतं तेही घालवलं होतं बाईने.

आबांनी खांबाला बांधलेली मैना सोडली. लगाम हाताला गुंडाळला. तेवढ्यात सावित्राबाई भिंत धरून उठल्या. मघाशी भीतीने घसरणारी बाई, पण आता आबांकडे सरळ बघून बोलली.

“माज्यापुरती दिलीया न्हवं? मग माजी पाळी शिदूला. मी बसते हितं, त्याला पोचवून घोडी माघारी येस्तवर.”

असं म्हणून त्या खरंच खाली बसल्या, माझ्या दारात, पाय लांब करून. रंजनाने शिदूबाबांना बाकावर उभं केलं आणि तिथून मैनेवर बसवलं. लगाम अजून आबांच्याच हातात होता. तिने आपला हात पुढे केला.

“द्या आबा. चढ हाय.”

आबा एकदा सावित्राबाईंकडे पाहत राहिले, एकदा घोडीकडे. मग हाताला घातलेले वेढे त्यांनी एकेक करून सोडवले आणि लगाम तिच्या हातात दिला.